पिवळं दार

३ फेब्रुवारी

दादा,

वर नमस्कार-चमत्कार काही लिहीत नाही. 'इकडे सर्व क्षेम' असं लिहायला हात वळत नाही, आणि तिकडचं क्षेम तू कळवणार नाहीस हे मला ठाऊक आहे. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. फाडायचा असेल तर फाड, पण फाडण्यापूर्वी वाचशील. लेखक माणूस तू, स्वतःचं नाव दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही तुला.

तर आधी गोड बातमी. तुझं 'प्रसन्ननगर' लोकांनी वाचलं! ग्रंथालयात माझ्या टेबलामागच्याच कपाटात त्याच्या प्रती आहेत. इतकी वर्षं त्यांना माझ्या फडक्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. आमच्या इमारतीत आम्ही वाचनमंडळ काढलंय. रविवारी सकाळी खालच्या सभागृहात जमतो. पहिलं पुस्तक कुठलं घ्यायचं असं विचारल्यावर मी तुझं घेतलं. भाऊ बोलत नाही तर नाही, त्याचं पुस्तक तरी बोलेल असं वाटलं. मिरवायचंही होतं थोडं, खोटं कशाला बोलू.

तुला तुझीच गोष्ट सांगते. इथल्या लोकांच्या तोंडून ती ऐकल्यापासून ती तुझीच का अशी मला शंका येतेय. दुःखाला बंदी असलेलं शहर. गल्लीगल्लीत आळीपाळीने एक शेजारी 'कान' होतो आणि लोकांच्या दारांना कान लावत फिरतो. कुठे हुंदका, आरडाओरडा, चढलेला आवाज ऐकू आला की त्या दाराला पिवळा रंग. दर रविवारी त्यावर नवा हात, म्हणजे रंग कधी वाळायचाच नाही. आणि त्या ओल्या रंगाचा डाग ज्याच्या हाताला दिसेल, त्याचंही दार पिवळं. म्हणून पिवळ्या दारावर कुणी टकटक करत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन घास माझ्या घशाखाली उतरले नव्हते. मला वाटलं होतं, सगळ्यांचंच तसं होईल.

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला लावतात आणि रविवारी त्याचं उट्टं काढतात. पुस्तक मिटून ते म्हणाले, "वा! शिस्त म्हणतात ती ही! लेखकाने शेवटी उगीच घोळ घातला, नाहीतर आदर्श नगर हो!"

मी हसले. मला वाटलं, विनोद केला. बाकी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या, "बघा ना, जिन्यात कचरा नाही, भांडण नाही, कुणाचा टीव्ही मोठा नाही. माणसाला आणखी काय लागतं?"

पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांनी तेवढा आक्षेप घेतला. "पण पिवळा फार लवकर मळतो हो. राखाडी बरा पडला असता."

मी समजावलं. म्हटलं, अहो, ही शिसारी यावी म्हणून लिहिलेली गोष्ट आहे, अशा शहरात आपण राहत तर नाही ना, हे तपासायला वाचायची. डॉक्टर माझ्याकडे बघून दाखवण्यापुरतं हसले. दातांच्या डॉक्टरांना ते बरं जमतं.

पुढच्याच रविवारी 'ऐकण्याची पाळी' निघाली. कारण ऐकशील तर तूही मान डोलावशील. एकटीदुकटी म्हातारी माणसं घरात पडतात, हाका मारतात, कुणाला पत्ता लागत नाही. तर रोज दुपारी एकाने सगळ्या दारांवरून फिरावं आणि कानोसा घ्यावा. यात वाईट काय? मीही हात वर केला. मग पाळीवाल्यांच्या कानावर बाकीचंही पडायला लागलं. नवराबायकोची भांडणं, पोरांची रडारड. आणि गेल्या रविवारी आमच्या मजल्यावरचं एक दार पिवळं झालं. खरोखरच्या रंगाने, दादा, ऑइल पेंटने. अख्ख्या जिन्यात वास भरलाय. डब्यातल्या पोळीलासुद्धा तोच वास येतोय.

मंडळ तुला बोलावणार आहे. 'लेखक आपल्या भेटीला.' तू ये. कधी नव्हे ते काही मागतेय. ये आणि तुझ्या तोंडाने एवढंच सांग की बाबांनो, हे मी करू नका म्हणून लिहिलं होतं. माझं नाही ऐकत. मी पुस्तकांची धूळ झटकणारी बाई. तुझं ऐकतील.

आई बरी आहे.

तुझी धाकटी


१४ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं म्हणे. मला नाही, डॉक्टरांना. त्यांनी ते सभागृहातल्या फळ्यावर लावलंय. 'आपल्या इमारतीने माझ्या साहित्याची घेतलेली दखल पाहून भारावून गेलो.' दखल! मी लिहिलेलं वाचलंस ना तू? वाचूनही भारावलास? मग तुझ्यापेक्षा तो पोस्टवाला काका परवडला, त्याला निदान रंग तरी आवडला नव्हता.

आता झाकून ठेवलेलं सांगते. पिवळं दार आपलंच आहे.

'आई बरी आहे' हे मी सवयीने लिहिलं. आई बरी नाही. मागच्या पावसाळ्यानंतर तिला झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही बरंचसं गेलं. तुला कळवलं होतं, फोनवर निरोप ठेवला होता, तो तू ऐकला नसशील असं मी धरून चालते. धरून चालायला मला आवडतं. तर तिच्याकडे आता चार-सहा शब्द उरलेत. पाणी. नको. दिवा. आणि बाळ्या. बाकीचे शब्द ती शोधत बसते, सापडले नाहीत की चिडते, पण बाळ्या तिला कधी शोधावा लागत नाही. दुपारी मी कामावर असते. सांभाळायला येणारी बाई तिला भरवून खुर्चीत बसवते आणि मग आईचं सुरू होतं. "बाळ्याऽऽ!" आपल्याला खेळातून घरी बोलवायची ना, तोच सूर. तो आवाज तीन मजले खाली जातो.

पाळीवाल्यांनी तो ऐकला. ज्यांनी पहिल्यांदा जाऊन सांगितलं त्या समोरच्या मावशी.

तू त्यांना ओळखत नाहीस, तू गेल्यावर त्या राहायला आल्या. दवाखान्यात नर्स होत्या. रोज दुपारी आईशी पत्ते खेळायला यायच्या. आईला नुसत्या डाव्या हाताने पानं धरता येत नाहीत, म्हणून मावशी दोघींची पानं लावायच्या, स्वतःच्या पानांकडे न बघितल्यासारखं करायच्या आणि रोज हरायच्या. आईचं हसू मी त्या वेळेपुरतंच बघितलंय या वर्षात. सुट्टी असली की मी बाजूला बसून बघायची.

दार रंगवल्यावर मावशी आल्या. आत नाही, जिन्यात. पदराने डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "पाळी माझी होती गं. मोठा आवाज आला तर सांगायचं ठरलं होतं. मी आपलं खरं ते सांगितलं. मला काय माहीत, असं करतील."

"मग आता या ना आत," मी म्हटलं. "वाट बघतेय ती."

त्यांनी दाराकडे बघितलं. रंगाकडे. मग म्हणाल्या, "जरा निवळू दे गं सगळं. माझा मुलगा परदेशात, सून इथे एकटी. तिला त्रास नको." आणि गेल्या.

मला मावशींचा राग नाही आला, दादा. किळस आली. राग आला असता तर बरं झालं असतं, राग निदान उतरतो. मला त्यांच्या पदराची, पुसलेल्या डोळ्यांची, त्या नीट लावलेल्या पत्त्यांचीसुद्धा किळस आली. त्या रात्री भांडी घासताना मी त्यांचा एक कप वेगळा काढून ठेवला. आपल्याकडे राहिला होता तो. परत द्यायला गेले नाही आणि वापरलाही नाही.

तुझ्या पुस्तकाचं मला एक आता समजलंय. शाळेकॉलेजात अशी पुस्तकं शिकवतात तेव्हा सांगतात की भविष्यात असं होऊ नये म्हणून वाचायची. सगळे वाचतात, माना डोलावतात. पण वाचणारा प्रत्येक जण स्वतःला कान समजून वाचतो. फार तर कानाच्या वर बसलेला अधिकारी. दाराआडचं माणूस आपण असू, असं मंडळातल्या एकाच्याही मनात आलं नाही. आलं असतं तर तो रंगाचा डबा विकत घ्यायला कुणी गेलंच नसतं. आणि वर त्यांचा आव बघ! रविवारी रंगारी येतो, नवा हात देतो, आणि डॉक्टर स्वतः शेजारी उभे राहून म्हणतात, "कडेने नीट घे रे, बिजागरीवर नको." मला म्हणतात, "ताई, मनाला लावून घेऊ नका. एक किडका दात सगळी बत्तीशी खराब करतो, म्हणून फक्त. आईंबद्दल आम्हाला आदरच आहे."

आदरच आहे.

ठरलं असं आहे. तुझं भाषण येत्या रविवारी. त्याच्या पुढच्या रविवारी सभा. तोवर 'सुधारणा' झाली नाही तर आईला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. मी नाही म्हटलं तर घरमालकाकडून भाडेकरार थांबवायचा. घरमालक डॉक्टरांचा पेशंट आहे, कवळी त्यांनीच बसवली त्याची. तेव्हा काय होणार हे सांगायला नको. आणि वृद्धाश्रमात आई किती टिकेल तेही सांगायला नको. तिला फक्त मी आणि ही खोली ओळखू येते. आणि तू.

आता तुझं-तिचं. मला माहीत आहे, त्या पुस्तकातली आई ही आपली आई आहे. मुलगाच जाऊन आईचं रडणं कानाला कळवतो, ते तू लिहिलंस, आणि तिचा पदर, तिचं भांड्यांवर बोटांनी ठेका धरणं, सगळं जसंच्या तसं घातलंस. तिने वाचलं आणि तुला म्हणाली, "मला विकलंस तू." तू उठलास, बूट घातलेस आणि गेलास, तो आजतागायत. तुझी बाजू मी तेव्हा घेतली होती. मी म्हटलं होतं, आई, गोष्ट आहे ती, गोष्टीत असं असतं. तिने माझ्याशीही आठवडाभर अबोला धरला. पण आता तिच्यापाशी तेवढं वाक्यही उरलेलं नाही, दादा. फक्त तुझं नाव उरलंय. रुसवा पहिला गेला तिचा.

ये. खाली एक वाक्य बोल. मग वर ये आणि आत ये. रंगाला घाबरू नकोस, तूच बनवलायस तो.

धाकटी


२० फेब्रुवारी

काल तू आलास.

'प्रिय' नाही, 'दादा' नाही. लिहिताना बोटं चिकट वाटतायत.

मी शेवटच्या रांगेत होते, दाराजवळ. तू बघितलंस मला. जाड झालायस. शर्टाला इस्त्री कडक होती. डॉक्टरांनी फुलांचा गुच्छ दिला, तो तू दोन्ही हातांनी घेतलास आणि भाषणभर खाली ठेवला नाहीस. कुणी विचारत नव्हतं ना इतकी वर्षं? मला वाईट वाटलं तुझ्यासाठी, खरंच वाटलं, तेवढ्यापुरतं.

मग वकीलबाई उठल्या. "सर, एवढी सुंदर व्यवस्था तुम्ही शेवटी मोडलीत का? आम्हाला ते पटलं नाही."

सभागृहात सगळे तुझ्याकडे बघत होते. मी तर खुर्चीची कड धरली होती. मनात म्हटलं, आता. आता बोल.

तू गुच्छाचा वास घेतलास आणि म्हणालास, "चांगल्या कलाकृतीतून प्रत्येक वाचक आपला अर्थ काढतो. तो अर्थ काढून घेणारा मी कोण?"

टाळ्या! काय टाळ्या वाजल्या! डॉक्टर उभे राहिले. पोस्टवाले काका म्हणाले, "किती नम्रपणा बघा."

नम्रपणा नव्हे रे तो. तोंडात भरवलेलं गिळताना माणूस बोलत नाही, तसं होतं ते. मी उठून वर आले. जिन्यात त्या दिवशीच्या नव्या हाताचा वास होता, तो त्यापेक्षा बरा वाटला.

आता ऐक. तुला वाटतंय मला माहीत नाही. तू वर आलास. डॉक्टरांकडे जेवून, सगळे पांगल्यावर. पावलं जिन्यात ऐकली तेव्हा आई खुर्चीत होती आणि मी तिचे केस विंचरत होते. तिने मान वळवली. तू खोकलास, जिना चढल्यावर खोकतोस तसा, बाबाही खोकायचे. आई म्हणाली, "बाळ्या." हाक नव्हती ती. हळूच म्हणाली, आला असं सांगावं तशी.

मी दाराशी गेले. भिंगातून बघितलं. तू समोर उभा होतास. किती तरी वेळ. मग तू बोट पुढे केलंस. टकटक करायला नाही. चौकटीजवळ, कडेला, एका बोटाने रंग वाळलाय का ते बघितलंस. ओला होता. तू खिशातून रुमाल काढून बोट पुसलंस, पुन्हा पुसलंस, रुमाल उलटा घडी करून खिशात ठेवलास आणि जिना उतरलास.

तूच लिहिलंस ना ते? ओल्या रंगाचं? मग भीती कुणाची वाटली? तुझ्या दाराला इथून कोण रंग द्यायला येणार होतं? का गुच्छ परत मागतील असं वाटलं?

कडीवर माझा हात होता. मी उघडलं का नाही म्हणशील. म्हण. तू टकटक करावीस असं मला वाटत होतं. आईने ऐकावी ती टकटक. एवढंच हवं होतं. मी उघडलं असतं तर तुला आत यावंच लागलं असतं, आणि तसलं येणं मला तिला द्यायचं नव्हतं. आता वाटतं, तसलं तर तसलं. तिला कुठे कळणार होतं.

मागे वळले तर ती दाराकडेच बघत होती.


२ मार्च

दादा,

सभा झाली. सभेत काय झालं ते कळवायचं कर्तव्य माझं, म्हणून हे.

आईला वृद्धाश्रमात पाठवत नाहीयेत. घरही राहिलं. आनंद झाला? थांब, का ते ऐक.

तू गेलास त्या दिवसापासून आईने हाक मारलेली नाही. एकदाही नाही. पाणी म्हणते, नको म्हणते, दिवा म्हणते. बाळ्या म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंना आणून दाखवलं, माणसांच्या डॉक्टरीणबाईंना, दातांच्या नव्हे. त्या म्हणाल्या, घशाला काही नाही, जिभेलाही काही नाही. मी तिच्यासमोर बसून म्हटलं, "आई, बाळ्या?" तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मी कुठल्या तरी परक्या माणसाची चौकशी करत असल्यासारखं, आणि म्हणाली, "नको."

पाळीवाल्यांनी आठवडाभर दुपारी कान लावला. शांतता. सभेत तसं सांगण्यात आलं. समोरच्या मावशींनीच उठून सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की त्यांना खरंच आनंद झाला होता यात शंका नाही. डॉक्टर म्हणाले, "बघा! व्यवस्था काम करते. आणि लेखकाच्या पायगुणाने करते!" तुझ्या पायगुणाने, दादा. टाळ्या तुला पुन्हा मिळाल्या, तू नव्हतास म्हणून कळवते. शेजारच्या इमारतीनेही तुझं पुस्तक मागवलंय. ग्रंथालयात आता एकही प्रत शिल्लक नाही, नाव नोंदवून लोक थांबलेत. धूळ झटकायचं माझं काम वाचलं.

सभेनंतर सगळे वर आले. तपकिरी रंगाचा डबा, रंगारी आणि एक गुच्छ. दार पहिल्यासारखं करून द्यायला. मावशींच्या हातात पत्ते होते. "चला आई, मांडायचा ना डाव?" त्या माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाल्या.

मी त्यांचा तो कप आणून त्यांच्या हातात दिला. गुच्छ घेतला नाही. रंगाऱ्याला म्हटलं, "तुमची मजुरी बुडू नये म्हणून सांगते, पुढच्या इमारतीत जा, तिकडे भरपूर काम निघणार आहे." आणि दार लावून घेतलं. बाहेर डॉक्टर म्हणत होते, "ताण आहे त्यांच्यावर, समजून घेतलं पाहिजे." समजून घ्यायला फार आवडतं त्यांना.

तुझ्या पुस्तकाचा शेवट मी काल पुन्हा वाचला, घरातल्या प्रतीत. पिवळ्या दाराआडची आई मुलाला हाक मारते, मारतच राहते, आणि एकेक करून सगळ्या गल्ल्यांतली दारं उघडतात. डॉक्टरांना तो घोळ वाटला. मला इतकी वर्षं तो फार सुंदर वाटायचा, मी त्या पानावर रडलेय. तो खोटा आहे, दादा. शहर शहाणं करायला आई हाका मारत बसत नाही. तिला एकच दार उघडायला हवं असतं. ते उघडलं नाही की ती गप्प होते, आणि लोक म्हणतात सुधारणा झाली.

पुढची आवृत्ती निघेल आता. तेव्हा शेवट बदल. फुकट देते.

आता दुपारी मी कामावरून अर्ध्या दिवसाने येते आणि तिच्याशी पत्ते खेळते. मला मावशींसारखं हरता येत नाही, तिला लगेच कळतं. तरी बसतो आम्ही. मधेच ती पानं खाली ठेवते आणि दाराकडे बघते.

दार मी पिवळंच ठेवलंय. रविवारी नवा हात द्यायला आता कुणी येत नाही. चौकटीजवळ तुझ्या बोटाचा ठसा तसाच राहिलाय, रेघान् रेघ दिसते. रंग वाळलाय. आता हाताला लागणार नाही.

धाकटी